लिलाववाल्या महापौराची रोजनिशी : कोणती प्रत घ्यावी आणि ती कशी वाचावी

फिलिप होन यांची रोजनिशी ‘न्यूयॉर्कच्या महापौराची रोजनिशी’ म्हणून ओळखली जाते आणि तिथेच पहिली फसगत होते. होन महापौर होते १८२६ साली, एकच वर्ष. छापील रोजनिशी सुरू होते १८२८ मध्ये आणि चालते १८५१ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या तोंडापर्यंत. महापौराच्या खुर्चीतून शहर कसे दिसायचे हे शोधायला जो हा ग्रंथ उघडेल त्याच्या हाती काही लागणार नाही. इथे भेटतो तो धंद्यातून लवकर मोकळा झालेला, पैसा गाठीशी असलेला, शहरातल्या निम्म्याअधिक समित्यांवर बसलेला एक व्यापारी. त्याची नजर शेवटपर्यंत लिलाव पुकारणाऱ्याची राहिली. घर असो, भूखंड असो, पिठाचे पिंप असो, त्याचा आजचा भाव काय हे नोंदवल्याशिवाय या माणसाचा दिवस संपत नाही. ही रोजनिशी घ्यायची ती त्यासाठी.

ही नजर कुठून आली ते आधी पाहून घ्यावे, कारण रोजनिशीत ते गृहीत धरलेले आहे. होन यांचा जन्म १७८० चा, न्यूयॉर्कमधलाच. वडील सुतारकाम करणारे. सोळा-सतरा वर्षांचा असताना हा मुलगा थोरल्या भावाच्या लिलावाच्या पेढीत शिरला आणि विशी गाठायच्या आत भागीदार झाला. १८१२ ते १८१५ च्या युद्धानंतर इंग्लंडच्या गिरण्यांनी तुंबलेला माल न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आणून ओतला. नेहमीच्या आयातदारांमार्फत तो खपवण्याइतका धीर कुणाला नव्हता. लिलावात गठ्ठ्याने विकून मोकळे व्हायचे अशी घाई होती. १८१७ साली न्यूयॉर्क राज्याने लिलावाचा कायदा बदलला. लिलावात मांडलेला माल विकला जावो वा मालकाने मागे घेवो, कर द्यावाच लागेल असे ठरले. त्यामुळे माल मांडून भाव पसंत पडला नाही की उचलून नेण्याची सवय मोडली. माल खरोखरच विकला जाणार या खात्रीने गावोगावचे दुकानदार न्यूयॉर्ककडे वळले. फिलाडेल्फिया आणि बॉस्टन मागे पडले ते काही प्रमाणात याच कायद्याने. लिलाव पुकारणाऱ्यांची त्यात चांदी झाली. १८२१ मध्ये, चाळिशीच्या सुमारास, होन सुमारे पाच लाख डॉलरची माया घेऊन धंद्यातून बाहेर पडले, युरोप फिरून आले आणि ब्रॉडवेवर २३५ क्रमांकाचे घर त्यांनी २५,००० डॉलरला घेतले. समोर सिटी हॉलची बाग. हे २५,००० लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

महापौरपदाविषयी एवढे पुरे की त्या काळी तो थेट मतदानाने निवडला जात नसे. नगरसभेचे सदस्य त्याला निवडत. १८३४ मध्ये पहिल्यांदा लोकांनी महापौर निवडला. ती तीन दिवसांची निवडणूक, रस्त्यावरच्या मारामाऱ्या आणि दोनशेहून कमी मतांनी लागलेला निकाल हे सारे रोजनिशीत आहे. महापौरपदाची माहिती ज्याला हवी आहे त्याने होन यांचे १८२६ शोधण्यापेक्षा १८३४ चा एप्रिल वाचावा. होन तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या विरोधकांत होते. ‘व्हिग’ हे त्या विरोधकांच्या पक्षाचे नाव रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. साहजिकच हरलेल्या बाजूचा हा वृत्तान्त आहे.

आता प्रतींकडे येऊ. मूळ हस्तलिखिताच्या २८ वह्या न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या (आताचे नाव ‘द न्यूयॉर्क हिस्टॉरिकल’) संग्रहात आहेत. छापील असे जे मिळते ते त्यातली निवड आहे. संपूर्ण रोजनिशी म्हणून कुणी काही विकत असेल तर तो शब्द खरा धरू नये. आवृत्त्या मुख्यतः दोन. पहिली १८८९ ची, बेयर्ड टकरमन यांनी संपादित केलेली, दोन खंडांत. दुसरी १९२७ ची, अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी केलेली, तीही दोन खंडांत. दोन्ही डॉड, मीड या एकाच प्रकाशनसंस्थेच्या, म्हणून जुन्या पुस्तकांच्या यादीत हमखास गोंधळ होतो. यादीत संपादकाचे नाव दिलेले नसेल तर पैसे पाठवण्यापूर्वी शीर्षकपानाचे छायाचित्र मागवावे.

दोन्हींतली एकच घ्यायची तर १९२७ ची घ्यावी. टकरमन यांची निवड एकोणिसाव्या शतकातल्या सभ्य घराला शोभेल अशी आहे. राजकारण, मोठ्या माणसांचे मृत्यू, समारंभ यांना तिथे मानाची जागा मिळते. नेव्हिन्स स्वतः इतिहासकार. त्यांनी शहराच्या रोजच्या जगण्याला जास्त जागा दिली आणि होन यांचे आयुष्य मांडणारी प्रस्तावनाही जोडली. ज्याला होन हा माणूस अजिबात माहीत नाही त्याला ही प्रस्तावना फार उपयोगी पडते. तरीही १८८९ ची आवृत्ती टाकाऊ नाही. एका संपादकाने गाळलेले दुसऱ्याने ठेवले असण्याची शक्यता कायम असते. म्हणून एखाद्या दिवसावर काम करायचे असेल तर दोन्हींकडे तीच तारीख काढून पाहावी. संदर्भ टिपताना पानाचा आकडा एकट्याने लिहू नका, तारीखही लिहा. दोन आवृत्त्यांची पाने जुळत नाहीत आणि जुन्या लेखांत ‘होन, खंड २’ एवढेच लिहिलेले असले की नेमकी कोणती आवृत्ती हे शोधण्यात दिवस जातो. तारीख असली की काम मिनिटाचे.

पैसे न देताही काम भागते. दोन्ही आवृत्त्या अमेरिकेत आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. १९२७ ची २०२३ च्या जानेवारीत झाली. इंटरनेट आर्काइव्हवर १८८९ च्या खंडांच्या पानांची छायाचित्रे मिळतात. वाचायला ती पानेच उघडावीत. सोबत दिलेला यंत्राने ओळखलेला मजकूर फक्त शोधापुरता वापरावा. त्यात आकडे बिघडतात, आणि होन यांच्या बाबतीत आकडा बिघडला की नोंदीतला प्राणच गेला. जुन्या छपाईतले ३ आणि ८, १ आणि ७ यंत्राला एकसारखे दिसतात. रक्कम उचलायची असेल तर दर वेळी पानाचे छायाचित्र समोर ठेवून ताडून पाहा. नावे शोधतानाही सावध राहा. ओळीच्या शेवटी तुटलेले आडनाव शोधात सापडत नाही.

मागणीनुसार छापून मिळणाऱ्या पुनर्मुद्रणांबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवे : बहुतेक वेळा ती घेऊ नयेत. दोनांपैकी एकच खंड पूर्ण ग्रंथ म्हणून विकला जातो. अशा दोन खंडांच्या ग्रंथाची सूची सहसा दुसऱ्या खंडाच्या शेवटी असते, म्हणजे फक्त पहिला खंड घेणाऱ्याच्या हाती सूचीही येत नाही. स्कॅन करताना तिरके गेलेले पान तसेच छापले जाते, समासातला मजकूर शिवणीत जातो, आणि कधी कधी तर यंत्राने ओळखलेला चुकांनी भरलेला मजकूरच नव्याने जुळवून पुस्तक केलेले असते. घ्यायचेच असेल तर तीन गोष्टी विचारा. पाने मूळ पुस्तकाची छायाचित्रे आहेत की नव्याने जुळवलेला मजकूर? दोन्ही खंड आहेत का? सूची आहे का? यांतल्या एकाचेही उत्तर टाळले गेले तर सोडून द्या. जुनी मूळ प्रत घेताना पुठ्ठ्यापेक्षा बिजागरी पाहावी. खंड जाडजूड आहेत आणि पुठ्ठा अंगापासून सुटतो तो तिथेच.

वाचायला सुरुवात १८२८ पासून करू नका. पहिल्या वर्षांत मेजवान्या, पाहुण्यांची नावे, नाटके, प्रवास यांची गर्दी आहे. नवख्या वाचकाला त्यातले एकही नाव ओळखीचे नसते आणि शंभर पानांत पुस्तक मिटते. सुरुवात करावी डिसेंबर १८३५ पासून आणि न थांबता १८३७ च्या अखेरपर्यंत जावे. या दोन वर्षांत आग आहे, तेजी आहे, बुडीत आहे, आणि लिहिणारा स्वतः त्या तिन्हींत सापडलेला आहे.

१६ डिसेंबर १८३५ च्या रात्री व्यापारी पेठेतल्या एका गोदामात आग लागली. थंडी इतकी कडाक्याची की होजपाइपांतले पाणी गोठत होते. ईस्ट नदीचा बर्फ फोडून पाणी काढावे लागले. दोनच रात्रींपूर्वीच्या आगीने बंबवाले आधीच थकले होते. वॉल स्ट्रीट, ब्रॉड स्ट्रीट, कोएन्टीज स्लिप आणि नदी यांच्यामधला पट्टा जळून गेला. साधारण पावणेसातशे इमारती गेल्या. वॉल स्ट्रीटवरची मर्चंट्स एक्स्चेंजची देखणी इमारतही वाचली नाही. शेवटी नौदलाच्या गोदीतून बंदुकीची दारू आणून वाटेतल्या इमारती उडवल्या, तेव्हा आग अडली. होन यांची दुसऱ्या दिवशीची नोंद या ग्रंथातली सर्वांत ताकदीची. हादरलेला माणूस लिहितो आहे हे प्रत्येक ओळीत जाणवते. तरीही हात आकड्याकडे वळतोच. जळलेल्या दुकानांची संख्या ते पाचशे ते सातशे धरतात आणि मालासकट किंमत दोन ते चार कोटी डॉलर. नंतरच्या हिशेबांनी नुकसान दोन कोटींच्या आसपास ठरवले. राख गरम असताना केलेला अंदाज खालच्या टोकाला जुळतो. नवल वाटू नये. गोदामातला माल डोळ्यांनी मोजून बोली पुकारण्यात या माणसाचे तरुणपण गेले होते.

पुढच्या नोंदींत विमा कंपन्या कोसळताना दिसतात. कारण सोपे होते. कंपन्या शहरातल्याच, भांडवल बेताचे, आणि विमा उतरवलेला माल एकाच पेठेत दाटीवाटीने भरलेला. एकेकटी इमारत जळेल असे धरून बांधलेला हिशेब पेठच्या पेठ जळाल्यावर टिकणार कसा? इथे थोडे थांबून वाचावे, कारण होन नुकसानीची यादी देतात पण यंत्रणा समजावून सांगत नाहीत. त्यांच्या मते ती सगळ्यांना माहीतच आहे.

मग येते ते आणखी विलक्षण. आग विझून काही आठवडे झाले नाहीत तोच जळालेल्या पट्ट्यातले रिकामे भूखंड लिलावात चढ्या भावाने जाऊ लागले. आणि मार्च १८३६ मध्ये होन यांनी स्वतःचे २३५ ब्रॉडवे विकले, ६०,००० डॉलरला. घेतले होते २५,००० ला. घराखाली दुकाने काढायची म्हणून ते घेतले गेले. होन ब्रॉडवेवरच पण बरेच उत्तरेला, ग्रेट जोन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेले. त्या नोंदीत नफ्याचा आनंद आहे आणि घर सोडल्याची हळहळही. पंधरा वर्षांची ती जागा, ती बाग, रोजचा चालत जाण्याचा रस्ता. भाव कितीही चांगला आला तरी तो मिळाल्यावर पुन्हा तसेच घर घ्यायचे तर तितकाच भाव मोजावा लागतो, हे त्यांना पक्के कळलेले आहे. एका महागाईच्या दिवशी ते बाजारातले भावही टिपून ठेवतात : गोमांस पौंडाला पंचवीस सेंट, लहान टर्की पक्षी दीड डॉलर. फेब्रुवारी १८३७ मध्ये पिठाच्या गोदामांवर जमाव तुटून पडला, त्याची मुळे अशाच नोंदींत आधीपासून दिसत असतात. सलग वाचणाऱ्यालाच ती दिसतात. सूचीवरून उड्या मारणाऱ्याला नाहीत.

बुडीत समजायला दोन गोष्टी माहीत असाव्यात. व्यापार चालायचा वचनचिठ्ठ्यांवर. माल घेणारा काही महिन्यांच्या मुदतीची चिठ्ठी लिहून द्यायचा. विकणारा तिच्या पाठीवर सही करून बँकेत वटवायचा. पाठीवर सही करणारा प्रत्येक जण त्या रकमेला बांधील. लिहून देणारा बुडाला की बँक पाठीवरची नावे एकेक करून गाठायची. दुसरी गोष्ट व्याजाची. न्यूयॉर्कचा कायदा वर्षाला सात टक्क्यांच्या वर जाऊ देत नव्हता, पण टंचाईच्या दिवसांत दलाल महिन्याला दोन-तीन टक्के कापून चिठ्ठ्या घेत. होन यांच्या नोंदीतले टक्के वाचताना ते महिन्याचे आहेत की वर्षाचे हे आधी पाहावे. वाचकांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. १८३६ च्या जुलैत सरकारी जमीन फक्त सोन्याचांदीच्या नाण्यांवर विकण्याचा हुकूम निघाला, नाणे पश्चिमेकडे ओढले गेले, इंग्लंडनेही पतपुरवठा आवळला, आणि १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणे देणे थांबवले. या सगळ्यात मुलाच्या पेढीला दिलेला आधार होन यांच्या अंगाशी आला आणि मालमत्तेचा सुमारे दोनतृतीयांश भाग गेला. दोन वर्षांपूर्वी शहराच्या नुकसानीचा अंदाज बांधणारा माणूस आता तितक्याच काटेकोरपणे स्वतःचा हिशेब लिहितो. कुठेही लपवाछपवी नाही. एवढ्यासाठी जरी हा ग्रंथ विकत घेतला तरी पैसे वसूल झाले असे आम्ही म्हणू.

पैशांबद्दल आणखी एक. डॉलर-सेंट कायद्याने आले होते, तरी न्यूयॉर्कच्या बोलीत शिलिंग चालायचा आणि तो साडेबारा सेंटचा, डॉलरला आठ. जुन्या स्पॅनिश नाण्यांची ही परंपरा. इंग्लंडच्या शिलिंगचा दर लावून हिशेब केला तर सगळे भाव दुपटीच्या आसपास चढतात. पिठाचे पिंप म्हणजे १९६ पौंड. आणि ‘शहर’ म्हणजे फक्त मॅनहॅटनचे बेट. ब्रुकलिन १८३४ पासून वेगळे शहर होते. १८३० मध्ये दोन लाखांच्या वर असलेली वस्ती १८५० पर्यंत पाच लाखांच्या पुढे गेली. जुने सारे पाडून नवे उभारण्याच्या हव्यासाबद्दल होन वारंवार कुरकुरतात, ते या आकड्यांसोबत वाचले तर कळते.

होन कुठे चुकतात हेही खरेदीदाराने जाणून असावे. वस्तूंच्या बाबतीत ते जितके नेमके, माणसांच्या बाबतीत तितकेच पूर्वग्रहाने भरलेले. आयरिश स्थलांतरितांबद्दल ते जे लिहितात ते वाचवत नाही. जॅक्सन यांच्याबद्दल एक बरा शब्द निघत नाही. संघटित होणाऱ्या कामगारांची बाजू त्यांना दिसतच नाही. जुलै १८३४ मध्ये गुलामगिरीविरोधकांच्या घरांवर आणि चर्चांवर जमाव चालून गेले, तेव्हा ते जमावाला दोष देतात पण खापर गुलामगिरीविरोधकांवरही फोडतात. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांचे हितसंबंध दक्षिणेतल्या कापसात किती गुंतले होते हे डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय त्या नोंदींचा अर्थ लागणार नाही. आकडा होन यांचा घ्यावा, माणसाबद्दलचे मत दुसरीकडूनही तपासावे. त्यांच्या पेठेत भाव ठरवणारे लोक त्यांना दिसतात, ओझे वाहणारे दिसत नाहीत.

बाकीची वर्षे निवडून वाचली तरी चालतील. १८३२ ची पटकी आधी घ्या आणि मग १४ ऑक्टोबर १८४२ चा क्रोटन नदीच्या पाण्याचा उत्सव. या दोन नोंदी जोडून वाचल्या की शहराला एकेचाळीस मैलांवरून पाणी आणण्याचा खटाटोप का करावासा वाटला ते उमगते. २३ एप्रिल १८३८ ची नोंद चुकवू नका : ‘सिरियस’ आणि ‘ग्रेट वेस्टर्न’ या आगबोटी काही तासांच्या अंतराने अटलांटिक ओलांडून आल्या, आणि विलायतेच्या बातमीला किती दिवस लागतात यावर ज्याचा धंदा उभा होता तो माणूस ते पाहतो आहे. कालव्यांत रस असलेल्यांनी डेलावेअर अँड हडसन कंपनीचे उल्लेख सूचीतून काढावेत. होन तिचे पहिले अध्यक्ष, १०८ मैलांचा तिचा कालवा कोळसा आणण्यासाठी, आणि पेन्सिल्व्हेनियातल्या होन्सडेल गावाला नाव त्यांचेच. ऑगस्ट १८२९ मध्ये ‘स्टूरब्रिज लायन’ हे वाफेचे इंजिन तिथेच रुळांवर धावले. मेजवान्यांच्या याद्या आणि युरोपच्या प्रवासाचे वर्णन मात्र बेलाशक गाळावे.

१८४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलर यांनी होन यांना बंदराच्या जकात कार्यालयात नेव्हल ऑफिसरचे पद दिले. सत्तरीच्या उंबरठ्यावर, कधीकाळी पाच लाख डॉलर घेऊन धंद्यातून बाहेर पडलेला माणूस पुन्हा रोज कचेरीत जाऊ लागला. त्याच बंदरात, जिथे इंग्लंडचे गठ्ठे उतरायचे आणि तो ते पुकारायचा. ५ मे १८५१ ला ते वारले. शेवटच्या वर्षांतल्या नोंदी आजाराने तुटक होत जातात. त्या १८३५-३७ च्या आधी वाचल्या तर म्हाताऱ्याची रडगाणी वाटतील. नंतर वाचल्या तर प्रत्येक रकमेमागचे घर, पेढी आणि रस्ता ओळखीचा झालेला असतो.